अर्ध्या गोळीचे चार महिने

गेल्या काही महिन्यांत तीन मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला. तिघींनी आधी इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "तू घरच्या घरी काय करायचीस गं, टेन्शन कमी व्हायला?" मी प्रत्येकीला चार गोष्टी सांगितल्या. त्या खऱ्या आहेत, पुढे लिहितेही आहे. पण फोन ठेवला की दर वेळी अर्धंच सांगितल्यासारखं वाटलं. कारण याच घरगुती उपायांच्या आडोशाने आई मला चार महिने अर्धी गोळी देत होती, आणि जूनमध्ये मी अकोल्याला मावशीच्या न्हाणीघरात कोसळले.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. घर अमरावतीला. अकोल्यातल्या एका इंग्रजी शाळेत तिसरीच्या वर्गावर माझी निवड झाली होती, जूनअखेरीस रुजू व्हायचं होतं. घराबाहेर पडायची ती माझी पहिलीच संधी होती. या सगळ्या आजारपणात मला एकच गोष्ट हवी होती, जूनमध्ये त्या वर्गात उभं राहायचं होतं.

भाजीबाजारात

पहिला झटका जानेवारीच्या शेवटी आला. आई मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून पाहत होती आणि मी पिशवी धरून उभी होते. काहीही घडलं नव्हतं. अचानक छातीत कुणीतरी आतून दार ठोकावं तसं झालं, हात बधिर झाले, आणि मी आता मरणार याची मला पक्की खात्री पटली. मी आईला सांगितलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि मेथीच्या ढिगाशेजारीच बसले.

"काय झालं वं बाई? चक्कर आली काय?" आई म्हणाली. भाजीवालीने माझ्या तोंडावर पाणी मारलं. लोक जमले. मला मरणापेक्षा त्या लोकांची लाज जास्त वाटली.

त्यानंतर पंधरा दिवसांत असं सात वेळा झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, सगळं नॉर्मल निघालं. बाबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र रडू आलं. काहीतरी सापडलं असतं तर त्याला नाव तरी असतं.

निदान

त्या डॉक्टरांनीच आम्हाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाबांनी स्कूटर दवाखान्यासमोर लावली नाही, मागच्या गल्लीत लावली. बाहेरच्या बाकावर आमच्याच कॉलनीतल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना पाहिलं, आणि पुढचा पाऊण तास आम्ही चौघांनी समोरच्या कॅलेंडरचा अभ्यास केला.

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हा पॅनिकचा आजार आहे. तुला आता वाटतं तितका तो दुर्मीळ नाही. गोळ्या रोज, न चुकता घ्यायच्या. फरक पडायला तीन-चार आठवडे लागतील."

मी एकच प्रश्न विचारला. "जूनपर्यंत होईल?"

"जूनमध्ये तू वर्गात उभी असशील," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आईने बाबांना गाठलं. "या गोया कायच्या आहेत थे आधी सांगा. डोक्याच्या आहेत काय?"

"डोक्याच्या नाही. भीतीच्या आहेत."

"भीती मंग कुठं राह्यते? गुडघ्यात?"

बाबा हसले. मीही हसले. आई हसली नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ काढायचं मी टाळलं.

दोन चमचे

मला गोळी गिळता येत नाही. लहानपणापासून घशात अडकते. म्हणून आई दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून तिचा भुगा करायची आणि साखरेत कालवून द्यायची. चोवीस वर्षांची झाले तरी आमच्याकडे हेच चालू होतं. खाली काकू राहतात, त्यांच्या नजरेस गोळ्यांचं पाकीट पडू नये म्हणून ते आईच्या कपाटात असायचं. मी फक्त चमचा चाटायची.

काकूंनी एकदा जिन्यातच विचारलं, "पोरीचं वजन काऊन उतरून राह्यलं वं?"

"ऊन लागलं," आई म्हणाली. तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

घरचे उपाय

आता त्या चार गोष्टी.

श्वास. नाकाने चार आकडे आत, तोंडाने सहा आकडे बाहेर. बाहेरचा लांब हवा, हे महत्त्वाचं. झटका आल्यावर शिकायला बसू नका, त्या वेळी काही शिकता येत नाही. बरं वाटत असताना रोज दहा मिनिटं सराव करा.

पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचंही पाणी पोळतं. मी माठातलं पाणी घमेल्यात ओतून त्यात पाय ठेवून बसायची. आई ओरडायची की प्यायचं पाणी आहे. तरी बसायची.

हातांना काम. एप्रिलमध्ये वर्षाचे गहू आले. ते निवडायला मी बसले. डोळे खड्यांवर, बोटं गव्हात. सुपाचा आवाज. बोलायची सक्ती नाही, आणि गप्प बसलं तरी कुणी कारण विचारत नाही. दोन पोती मी एकटीने निवडली. माझ्यासारख्या अबोल माणसाला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

चौथी गोष्ट आईची. दिवेलागणीला ती माझ्या तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायची. वाटी काळी पडत जायची. "पाय, किती उष्णता निघून राह्यली!" ती म्हणायची. धातूवर तूप घासलं की ते काळं होतंच, हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्या वीस मिनिटांत माझा जबडा सैल पडायचा. कुणीतरी काही न विचारता आपल्या पायाशी बसलेलं असणं, हे औषध होतं.

आणि काय करू नये तेही सांगते. "विचार करू नको" असं कुणाला सांगू नका. "तुला काय कमी आहे?" असं विचारू नका. बाबांनी विचारलं होतं. त्यावर मी तीन दिवस हिशोब करत बसले, मला खरंच काही कमी नव्हतं. त्याने झटके कमी झाले नाहीत, फक्त त्यांच्यासोबत अपराधीपणा जोडला गेला.

वाढत गेलेली चिठ्ठी

झटके थोडे कमी झाले, थांबले नाहीत. एप्रिलच्या शेवटी मॅडमनी विचारलं, "गोळ्या नियमित?" मी "हो" म्हटलं. त्यांनी मात्रा वाढवली. मेच्या शेवटी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं "हो", पुन्हा मात्रा वाढली. त्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं. "एव्हाना फरक पडायला हवा होता," त्या म्हणाल्या. आई शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मले त बरीच दिसते तू. वाटीनं उतरून राह्यलं तुहं."

घरात वाद होऊ लागले. बाबा म्हणायचे अकोल्याला पाठवायचीच नाही. आई म्हणायची, "जाऊ द्या तिले. इथं चार भितींत अजून खराब होईन." त्या एका बाबतीत आई शेवटपर्यंत माझ्या बाजूने होती. हे लिहून ठेवायला हवं.

अकोला

शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी मी जठारपेठेत नलू मावशीकडे गेले. मावशी आईची धाकटी बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगा पुण्याला, काका नोकरीनिमित्त नागपूरला, त्यामुळे घरात ती एकटी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "इथं तुह्या गोया तूच घेजो. मी काही चमचा घेऊन मागं फिरनार नाही."

मी चिठ्ठी समोर ठेवली, दोन चमचे घेतले आणि चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे पूर्ण मात्रा घेतली. दुसऱ्या दिवशीही. डोकं जड होतं, भिंती जरा लांब गेल्यासारख्या वाटत होत्या. मला वाटलं औषध लागू पडतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात बादलीकडे वाकले आणि उभी राहताना सगळं पांढरं झालं.

पुढचं आठवतं ते बादलीचं बूड. ते मला खालून दिसत होतं. बाहेरून मावशी दार ठोकत होती, "श्वेता! कडी काढ! श्वेते!" कडी माझ्या हातापासून फार तर दोन हात लांब असेल. तिथवर सरकायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

कपाळाला टाके पडले. रक्तदाब सारखा खाली जात होता म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं. पाच दिवस.

वॉर्ड

पहाटे पावणेसहाला सिस्टर यायची, दंडाला पट्टा बांधायची, आकडा लिहायची, एक शब्द न बोलता पुढच्या खाटेकडे. साडेसातला चहा. दहाला डॉक्टर. मध्ये सगळं रिकामं. उजेड डोळ्यांत खुपायचा. शेजारच्या खाटेवर अकोटच्या एक आजी होत्या, पाय प्लास्टरमध्ये. झोपेतून मी दचकून उठले की त्या स्वतःच्या खाटेवरूनच म्हणायच्या, "काही नाही झालं वं माय. दवाखाना आहे. झोप." रोज, न कंटाळता. त्यांनी माझा आजार विचारला नाही. त्यांचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "हीच मात्रा चालू होती? हे जुळत नाही. टप्प्याटप्प्याने इथवर आलेल्या माणसाला असं अचानक सहसा होत नाही."

मी छताकडे पाहत राहिले.

आई सकाळच्या एसटीने आली होती. मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने पर्स उघडली आणि कुंकवाची एक प्लास्टिकची डबी काढून डॉक्टरांपुढे धरली. आत गोळ्यांचे अर्धे तुकडे होते, डबीभर. तळाशी असलेल्यांना कुंकवाचा गुलाबी रंग लागला होता.

"म्या रोज अर्धीच देल्ली, साहेब," ती म्हणाली. "बाकीची यात हाये. औषध हाये म्हून फेकली नाही."

डॉक्टरांनी एक तुकडा उचलून पाहिला. खाटेशेजारी बसलेली मावशी मात्र थांबली नाही.

"ताई! पोरगी मेली असती न आज! न्हाणीत मेली असती! अशी कशी वं तू? शिकलेली असून?"

"दादाचं काय झालं थे तू पाह्यलं काय?" आईचा आवाज चढला. दादा म्हणजे या दोघींचा थोरला भाऊ. "तू होस्टेलात होती. अचलपूरले वट्यावर बसून राहे थो दिवसभर. लाळ गये त्याची. त्याचं तोंड म्या पुसलं चार वर्षं. गोया खाऊनच झाला न थो तसा?"

"थे औषध अलग होतं. थो डॉक्टर अलग होता. तीस वर्षं झाली त्याले."

"मले काय मालूम? मले कोनी सांगतलं? सारे पोरीले समजावून सांगत. मले कोनी विचारलं काय, का बाई तुले कायची भीती वाटते?"

वॉर्डात सगळे ऐकत होते. अकोटच्या आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं, तेवढंच त्यांच्या हातात होतं.

मावशी म्हणाली, "आता तू जाय घरी. पोरगी माह्याजवळ राहीन."

आई डबी तिथेच ठेवून गेली.

जे तेव्हा बोलले नाही

ती डबी मी पहिल्यांदा पाहत नव्हते.

एप्रिलमध्ये, मॅडमनी पहिल्यांदा मात्रा वाढवण्याच्या आठवडाभर आधी, ओढणीला लावायला पिन हवी म्हणून मी आईचं कपाट उघडलं होतं. पिना ज्या कप्प्यात असतात तिथेच डबी होती. मी झाकण काढलं. अर्धे तुकडे पाहिले. ते काय आहे हे कळायला मला क्षणभरही लागला नाही. झाकण लावलं, पिन घेतली, ओढणी नीट केली आणि बाहेर आले.

मी का बोलले नाही याची कारणं मी खूप दिवस जमवली. आईला मॅडमसमोर खाली बघावं लागेल. घरात भांडण होईल. बाबा अकोला बंद करतील. ही सगळी खरी आहेत. पण यांच्या खाली आणखी एक आहे. अर्ध्या गोळीवर मी दिवस काढतेय म्हणजे मी अर्धीच आजारी आहे, असं मला वाटायचं. ते वाटणं मला सोडायचं नव्हतं. दोनदा मॅडमनी विचारलं, दोनदा मी "हो" म्हटलं. आणि अकोल्याला आल्यावर, शाळा चार दिवसांवर असताना, मीच ठरवलं की आता पूर्ण घ्यायची. दुप्पट गोळी, दुप्पट धीर, असा माझा हिशोब होता. कुणालाही विचारलं नाही.

आईची चूक अज्ञानातून झाली होती. माझ्यापाशी ती सबब नव्हती. आणि वॉर्डात मावशी तिला बोलत असताना मी डोळे अर्धवट मिटून गुंगीत असल्याचं सोंग घेतलं.

त्यानंतर

शाळेने दहा दिवस वाट पाहिली आणि तिसरीचा वर्ग दुसऱ्या मुलीला दिला. पत्र सभ्य होतं.

मी अमरावतीच्या मॅडमना फोनवर सगळं सांगितलं, डबी पाहिल्याचंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. सगळ्यात लहान मात्रेपासून पुन्हा सुरुवात झाली, म्हणजे फेब्रुवारीत होते तिथून. फक्त आता जुलै होता. मी मावशीकडेच राहिले. गोळी गिळायला शिकले. केळ्याच्या घासात जाते.

दिवाळीनंतर त्याच शाळेत एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मला बोलावणं आलं. तात्पुरतं. मी जाते. महिन्यातून एखादा झटका अजून येतो. एकदा तो वर्गातच आला, तेव्हा मी मुलांना वही काढायला सांगून फळ्याकडे तोंड करून सहापर्यंत मोजत राहिले. मुलांना कळलं नाही. बरी झाले का, असं विचारलं तर माहीत नाही. उभी आहे.

आई मावशीच्या घरी येत नाही. मावशी बोलवत नाही. महिन्यातून एका रविवारी आई अमरावतीहून एसटीने येते, अकोल्याच्या स्टँडवर मला डबा देते, अर्धा तास बाकावर बसते आणि परतीच्या गाडीने जाते. मावशी डब्यातलं खाते, पण नाव काढत नाही. काढलंच तर एवढंच, "तुह्या आईनं त मारलीच होती तुले."

जानेवारीतल्या रविवारी त्या बाकावर मी आईला सांगितलं. पिनेपासून सगळं.

समोरच्या फलाटावर अकोटची गाडी भरत होती. आई म्हणाली, "गोयी वाढवली तवा तुले मालूम होतं?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"हो."

तिने पिशवीतून डबा काढला, झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं. "मंग बोलली काऊन नाही वं?"

तिने उत्तराची वाट न पाहता डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"मी मावशीला आज सांगते," मी म्हटलं.

"काही नको सांगू," आई म्हणाली. "तुले तिच्याच घरी राहाचं आहे. नोकरी कर. माह्यावर बोलते त बोलू दे तिले. तिले बोलाची सवय झाली, मले ऐकाची झाली." गाडी लागल्याबरोबर ती उठली. खिडकीची जागा मिळाली का ते मला दिसलं नाही.

त्याला आता दोन महिने झाले. मी सांगितलं नाही. तोंडाने सांगणं मला जमणार नाही, हे मला कळलं आहे, म्हणून लिहिलं. ज्यांच्या घरी असं कुणी आजारी आहे त्यांच्यासाठीही लिहिलं. श्वास मोजा, पाण्यात पाय ठेवा, गहू निवडा, पाय घासून घ्या. पण गोळी कमी करायची असो की वाढवायची, ती लिहून देणाऱ्याला विचारल्याशिवाय नाही. आणि जे पाहिलं ते बोला. घरातल्या माणसाच्या भीतीला वाचा नसेल तर तीही विचारून घ्या.

ही पानं मी मावशीच्या टेबलावर ठेवली आहेत, तिच्या घरच्या चष्म्याखाली. ती शाळेतून साडेपाचला येते. आता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. छाती धडधडते आहे, तळहात ओले आहेत. पण ही धडधड आजाराची नाही, एवढं मला आता ओळखता येतं.